तक्ता काढा, अवतरणचिन्हे राहू द्या

मेळघाटातल्या मुलांच्या इंग्रजीचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येते. ते मांडणारे लोक मुलांचे वैरी नसतात; उलट कळवळ्यानेच बोलत असतात, म्हणून त्याचा प्रतिवाद जास्त काळजीने करावा लागतो. मत असे: चिखलदरा-धारणीच्या पोराच्या घरी कोरकू, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, आणि त्यावर २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी. एवढ्या ओझ्याखाली त्याला दोन वाक्ये धीटपणे बोलता आली, फिरायला आलेल्या पाहुण्याला पॉइंटचा रस्ता सांगता आला, नोकरीचा अर्ज भरता आला, की भरून पावले. स्वल्पविराम कुठे द्यायचा, अवतरणचिन्ह कुठे उघडायचे, डायरेक्टचे इनडायरेक्ट कसे करायचे, हे चोचले मुंबई-पुण्याच्या शाळांनी करावेत. चिखलदऱ्याला बोलण्यापुरते इंग्रजी द्या, व्याकरणाचा हा कोपरा खुशाल गाळा. माझे म्हणणे नेमके उलट आहे. इंग्रजी व्याकरणाचा एखादाच भाग मेळघाटासाठी राखून ठेवायचा झाला तर तो हाच ठेवावा लागेल. मात्र तो आज शिकवतात तसा नव्हे. गाळा म्हणणाऱ्यांची निम्मी तक्रार खरी आहे. फक्त तिचे खापर त्यांनी विषयावर फोडले आहे आणि ते फुटायला हवे पद्धतीवर.

पद्धत कोणती, ते आधी पाहू. गाइडांत आणि फळ्यावर रिपोर्टेड स्पीच म्हणजे एक तक्ता असतो. डाव्या रकान्यात ‘नाऊ’, उजव्या रकान्यात ‘देन’. ‘टुमारो’चे ‘द नेक्स्ट डे’, ‘हिअर’चे ‘देअर’, ‘धिस’चे ‘दॅट’, ‘सेड टू’चे ‘टोल्ड’, वर्तमानकाळाचा भूतकाळ. मूल वाक्य उचलते, एकेक शब्द तक्त्यातून गाळून घेते आणि खाली उत्तर लिहिते. वाक्य कोण बोलले, कोणाला बोलले, कुठे उभे राहून बोलले, आणि आता ते कोण, कधी, कुठून सांगतो आहे, यातला एकही प्रश्न त्याला पडावा लागत नाही. गंमत अशी की हे सगळे बदल इंग्रजीत होतात ते केवळ या प्रश्नांच्या उत्तरांमुळे. समजा, चिखलदऱ्याच्या शाळेत सकाळी सर म्हणाले, “उद्या इथे तपासणी आहे.” त्याच दिवशी दुपारी, त्याच शाळेत, एका मुलीने उशिरा आलेल्या मैत्रिणीला ते इंग्रजीत सांगितले, तर ‘टुमारो’ हा ‘टुमारो’च राहतो आणि ‘हिअर’ही ‘हिअर’च. तीच मुलगी महिन्याने अमरावतीहून पत्रात तोच प्रसंग लिहिते, तेव्हा मात्र ‘द नेक्स्ट डे’ येते, ‘देअर’ येते. तक्ता दोन्ही वेळा एकच उत्तर देतो, म्हणजे एकदा तरी चुकीचे देतो. काळाचेही तसेच आहे. सूर्य पूर्वेला उगवतो, अशा त्रिकालाबाधित सत्याचा काळ बदलू नये, एवढा एक अपवाद तक्त्याखाली बारीक अक्षरात दिलेला असतो. वास्तविक तो अपवाद नाहीच. सांगितलेली गोष्ट सांगणाऱ्याला अजूनही लागू वाटत असेल तर इंग्रजी माणूस वर्तमानकाळ ठेवतो. तिची हमी घ्यायची नसेल तर भूतकाळात जातो. म्हणजे काळ बदलणे ही सांगणाऱ्याची भूमिका असते, आणि आपण ती गणितातल्या चिन्हबदलासारखी शिकवतो. ‘हुर्रे’ दिसला की ‘एक्स्क्लेम्ड विथ जॉय’ लिहायचे, हा तर कळसच. आजच्या कुठल्या इंग्रजी वर्तमानपत्रात वा कादंबरीत माणसे अशी आनंदाने उद्गारत नाहीत. ती रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणात उद्गारत होती. ते पुस्तक गेल्या शतकाच्या चौथ्या दशकातले, आणि आपल्या गाइडांनी तो उद्गार वारसाहक्काने जपला आहे.

अशा शिकवणीत मुलाची जी चूक होते ती तपासून पाहण्यासारखी असते, पण तिच्यावर लाल रेघ मारून पुढे जाण्याची आपली रीत आहे. मराठीत आपण सहज म्हणतो, “आई म्हणाली, की मी उद्या परतवाड्याला जाते.” यातली ‘मी’ आई आहे. ऐकणाऱ्याला शंका येत नाही. मुलगा सांगत असेल तर ‘जाते’ हे क्रियापदच साक्ष देते. मुलगी सांगत असेल तर प्रसंगावरून उमगते. हेच वाक्य मूल इंग्रजीत नेते तेव्हा लिहिते, ‘मदर सेड दॅट आय विल गो टुमारो’. झाले, परतवाड्याला आईऐवजी मूलच निघाले! शिक्षक म्हणतात, नियम पाठ नाही. खरे म्हणजे मुलाचे मराठी पाठ आहे आणि ते त्याने जसेच्या तसे, काही न सांडता, पलीकडे नेले आहे. दुसऱ्याचे बोलणे सांगताना मराठी माणूस घटकाभर त्याच्या जागी जाऊन उभा राहतो. इंग्रजीच्या इनडायरेक्टमध्ये सांगणारा स्वतःच्या जागेवरून हलत नाही. एवढा एक फरक मराठीत नीट समजावला तर अर्ध्या तक्त्याची गरज उरत नाही, कारण ‘मी’चे ‘ती’ का झाले, ‘उद्या’चे काय होणार आणि ‘इथे’चे काय होणार, हे सारे त्या एका फरकातून निघते. शिवाय मराठीपाशी ‘म्हणे’ आहे. “साहेब बदलून गेले म्हणे” असे बोलणारा बातमी देतो, पण तिची जबाबदारी अंगाला लावून घेत नाही. वऱ्हाडी घरातले मूल हे ‘मने’ ऐकतच वाढते. ऐकीव काय आणि पाहिलेले काय, यातले अंतर त्याला इंग्रजीच्या तासाला पहिल्यांदा कळत नाही. तिथे त्याला फक्त नवी खूण शिकायची असते. ते त्याला ठाऊकच नाही असे धरून आपण शिकवतो.

वऱ्हाडात तरी असे धरण्याला काही आधार नाही. चिखलदऱ्याचा घाट उतरून पूर्वेला मोर्शी तालुक्यात गेले की रिद्धपूर लागते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी लीळाचरित्राची जुळणी केली ती या गावाच्या परिसरात. मराठी गद्याचा हा पहिला मोठा ग्रंथ, आणि त्याचा सगळा खटाटोप दुसऱ्याचे बोलणे इमानाने नोंदवण्याचा आहे. चक्रधरांचे शब्द, ते कोणापाशी बोलले, कुठे बोलले, काय विचारल्यावर बोलले, हे ज्यांनी पाहिले-ऐकले त्यांना गाठून म्हाइंभटांनी मिळवले. पुढे या ग्रंथाचे पाठ ज्यांच्या स्मरणातून आले त्यांची नावेही परंपरेने टाकली नाहीत. आठवणी जुळल्या नाहीत तिथे एकाची खरी धरून दुसऱ्याची पुसली, असे केले नाही. केसोबासांनी पुढे त्यातून चक्रधरांची वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. आजच्या भाषेत सांगायचे तर चरित्रकाराचे निवेदन आणि चरित्रनायकाचे अवतरण यांची ती फारकत होती. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहते आहे. ज्या मुलखात गद्याची सुरुवातच ‘हे कोण म्हणाले’ या काळजीतून झाली, तिथल्या मुलांना हा विषय परका आहे म्हणून वगळा, असे म्हणणे जरा चमत्कारिक वाटते.

यावर कोणी म्हणेल, की म्हाइंभटांना अवतरणचिन्हे कुठे लागली होती? प्रश्न रास्त आहे. पोथीत चिन्हे नव्हती म्हणूनच प्रत्येक उक्तीआधी बोलणाऱ्याचे नाव आणि ‘म्हणाले’ पुन्हा पुन्हा लिहावे लागे. आणि पोथी वाचली जाई ती बहुधा जाणत्याच्या तोंडून, ऐकणाऱ्यांच्या मेळ्यात. त्याचा आवाज चिन्हांचे काम करी. मोडीतल्या पत्रात तर शब्दाशब्दांतही मोकळी जागा नसे. छापखाना आला, वाचक एकटा आणि मुका झाला, लिहिणारा त्याला अनोळखी झाला, तेव्हा त्या आवाजाची जागा कागदावरच्या खुणांना घ्यावी लागली. मेजर थॉमस कँडी यांनी १८५०च्या सुमारास विरामचिन्हांची परिभाषा मराठीत मांडली. आपण आज घालतो ती बहुतेक चिन्हे त्या इंग्रजी वळणाची आहेत. म्हणजे आजोबांच्या पिढीला नसलेली गोष्ट नातवांच्या पिढीने उचलली, आणि आता तिच्याशिवाय मराठीचे एक पान छापता येत नाही. ही खानदानी चैन असती तर इतकी सर्वांची झाली नसती. शाळेतल्या मराठी व्याकरणात तर भेदही केलेला आहे: बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द दुहेरी अवतरणात, एखाद्या शब्दावर भर द्यायचा तर एकेरी. चिखलदरा तालुक्यातल्या लहान शाळांत मराठी आणि इंग्रजी पुष्कळदा एकच शिक्षक शिकवतो. त्याने सकाळच्या मराठीच्या तासाचा दुपारच्या इंग्रजीच्या तासाशी सांधा जोडला, तर नवे शिकवायला फारसे उरत नाही: स्वल्पविराम अवतरणाच्या आत की बाहेर, आणि देवनागरीला ठाऊक नसलेले मोठे अक्षर. मोठ्या अक्षराला मात्र वेळ द्यावा लागतो, तो द्यावा.

आता मूळ मुद्दा. २०११च्या जनगणनेत कोरकू बोलणारे देशभरात सुमारे सव्वासात लाख होते. ही मुंडा कुळातली भाषा. मराठी, हिंदी, इंग्रजी या तिघींशी तिचे नाते नाही. मेळघाटातली आजी बोलते कोरकूत, ते समजून घेणारा कर्मचारी लिहितो मराठीत, त्यावरचा अहवाल पुढे इंग्रजीत जातो. कुपोषण आणि बालमृत्यू यांवरच्या जनहित याचिका २००७पासून मुंबई उच्च न्यायालयापुढे चालल्या, आणि त्या न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. म्हणजे मेळघाटातल्या बाईचे म्हणणे तिच्या आयुष्यावर परिणाम करणाऱ्या जागी पोचते ते बहुतेक वेळा तिसऱ्या भाषेत आणि तिसऱ्या तोंडून. अशा वेळी लिहिणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. अवतरणचिन्हे उघडून तिचे म्हणून एक सफाईदार इंग्रजी वाक्य लिहायचे, किंवा अवतरण न देता ‘तिने सांगितले की’ या वळणाने लिहायचे. अवतरणचिन्ह ही शपथ असते: हेच शब्द, असेच, याच तोंडून. जी बाई इंग्रजीचा एक शब्द बोलली नाही तिच्या तोंडी इंग्रजी वाक्य घालून त्याभोवती अवतरणचिन्हे लावणे, तेही दुभाष्याचा उल्लेख न करता, ही ती शपथ मोडणे झाले. इनडायरेक्ट स्पीच इथे व्याकरणाचा खेळ राहत नाही. शब्द माझे, म्हणणे तिचे, एवढे प्रांजळपणे कबूल करण्याचे इंग्रजीपाशी असलेले ते साधे साधन आहे. मेळघाटाबद्दल लिहिणारे आजवर बहुतेक बाहेरून आले. त्यांनी ते कधी सांभाळून वापरले, कधी नाही. पुढे लिहिणारे इथलेच व्हायचे असतील तर त्यांना हे साधन शाळेतच मिळायला हवे. आणि बाहेरच्यांनी लिहिलेले तपासायचे असेल तर त्याहून आधी मिळायला हवे. जॉन ड्रेक यांनी कोरकूचे व्याकरण इंग्रजीत प्रसिद्ध केले ते १९०३ साली. इंग्रजीला कोरकू समजावून देऊन शंभरावर वर्षे झाली. कोरकूतून इंग्रजी समजावण्याच्या पाठ्यक्रमाची वाट मात्र मुले अजून पाहत आहेत.

हे केवळ न्यायालयापुरते आहे असेही नाही. २००६च्या वनहक्क कायद्याखाली जे नियम २००८ साली झाले, त्यांत दाव्याचा पुरावा म्हणून दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी नोंदवलेले कथन ग्राह्य धरले आहे. म्हणजे म्हाताऱ्याची आठवण आणि जमिनीवरचा हक्क यांच्यामध्ये एक लिहिणारा हात असतो, आणि तो काय लिहितो यावर पुष्कळ काही अवलंबून असते. म्हातारा म्हणाला, “आमचे वडील इथे नाचणी-कुटकी पेरायचे,” आणि लिहिणाऱ्याने ‘वडील पेरत असत असे समजते’ असे लिहिले, तर साक्षीची ऐकीव गोष्ट होऊन जाते. हे काम मराठीत चालते, इंग्रजीत नाही, हे मान्य. पण पाहिलेले आणि ऐकलेले, शब्दशः आणि सारांशाने, यांची फारकत करण्याची सवय एका भाषेत लागली की दुसरीतही कामी येते. ती घडवायला इंग्रजीचा तास उलट जास्त सोयीचा आहे, कारण तिथे भाषा परकी असल्याने मूल शब्दाशब्दाला थबकते. मातृभाषेत ते थबकत नाही, घसरत जाते.

शिकवायला साहित्य कुठून आणायचे, असा प्रश्न चिखलदऱ्याने तरी विचारू नये. समोर गाविलगड उभा आहे. १५ डिसेंबर १८०३ला तो आर्थर वेलस्लीच्या फौजेने घेतला, किल्लेदार बेनीसिंग त्यात पडला. त्या दिवसाबद्दल आपण जे वाचतो त्यातले बरेचसे जिंकणाऱ्यांच्या खलित्यांतून आले आहे. बेनीसिंगाच्या बाजूने लिहिलेले आपल्या हाती फार थोडे लागते. आठवी-नववीच्या वर्गाला एवढेच काम द्या: चार वाक्ये लिहा, आणि प्रत्येकात हे कोण सांगतो आहे ते दिसू द्या. ‘किल्ला पडला’ आणि ‘वेलस्लीने लिहिले, की किल्ला पडला’ यांत काय फरक, हे ज्या मुलाला कळले त्याला रिपोर्टेड स्पीच आले. ‘सेड’, ‘क्लेम्ड’, ‘अॅडमिटेड’, ‘डिनाइड’ यांतले कोणते क्रियापद निवडायचे हे मग त्याला तक्ता सांगणार नाही, आणि सांगूही नये. म्हणाला, कबूल केले, बजावले, कानांवर हात ठेवले, यांतला फरक त्याच्या स्वतःच्या भाषेत त्याला लहानपणापासून माहीत आहे.

उरलेल्या आक्षेपांपैकी सर्वांत वजनदार हा: मुलांना धड वाचता येत नाही तिथे अवतरणचिन्हांचे काय घेऊन बसलात? वाचन आधी, यात वादच नाही. पण पुढच्या इयत्तेतला विषय मागच्या इयत्तेतल्या अडचणीच्या नावाने रद्द करायचा, हा न्याय आपण फक्त आदिवासी मुलांना लावतो. गणिताच्या पाढ्यांत कच्ची मुले सगळीकडे आहेत; म्हणून कोणी बीजगणित गाळा म्हणत नाही. शिवाय ‘कोण म्हणाले’ या विषयाचा पहिला अर्धा भाग तोंडी आहे. पहिली-दुसरीत मुलांनी कोरकूत गोष्ट ऐकावी आणि कोल्हा काय म्हणाला, ससा काय म्हणाला, ते आपापल्या आवाजात सांगावे. याला लिपी लागत नाही, इंग्रजीही लागत नाही. २०२०चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण निदान पाचवीपर्यंत मातृभाषेतून शिकवा असे सांगते. त्याचा अर्थ चिखलदऱ्यात मराठी असा लावून मोकळे होण्याची जी सवय आहे, ती सोडली तर हे जमण्यासारखे आहे. चिन्हे आणि काळ सातवीच्या पुढे आले तरी चालतील.

दुसरा आक्षेप मोबाइलवाल्यांचा: स्वल्पविराम आता यंत्र घालते. घालते, आणि बरे घालते. परंतु “आई म्हणाली, की मी जाते” यातली मी कोण, हे घरात कोण बोलत होते ते ठाऊक असल्याशिवाय ठरत नाही, आणि ते ठाऊक असते मुलाला. यंत्राने दिलेले वाक्य बरोबर की चूक हे ज्याला ओळखता येत नाही, त्याच्या हाती सुबक इंग्रजीत खोटी साक्ष पडण्याची भीती जास्त. तिसरा आक्षेप अनुभवी शिक्षकांचा, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ते म्हणतात, परीक्षेत गुण तक्त्याला मिळतात. दहावीच्या कृतिपत्रिकेत चिन्हे गाळलेले सुटे वाक्य येते आणि मुलाने ती भरायची असतात. आश्रमशाळेतल्या मुलाचे दोन गुण आम्ही तत्त्वासाठी का घालवावेत? घालवू नयेतच. पण समजून शिकलेल्याला ते दोन गुण मिळत नाहीत, असे कुठे आहे? सुट्या वाक्यात बोलणारा कोण आणि कुठे थांबला हे ज्याने ओळखले त्याचे चिन्ह चुकत नाही. पाठ केलेल्याचे मात्र वाक्य जरा वेगळे आले की चुकते. आणि शिक्षकाचेच इंग्रजी बेताचे असेल तर? तर तक्त्यापेक्षा हीच वाट त्याला सोपी, कारण तिचा निम्मा भाग मराठीत चालायचा आहे. बोलण्यापुरते इंग्रजी पुरे म्हणणाऱ्यांना एवढेच विचारायचे, की बोललेले कोण लिहिणार? पाहुण्याला रस्ता सांगणारे इंग्रजी मेळघाटाला आणि पाहुण्याचे म्हणणे लिहून घेणारे इंग्रजी पुण्याला, ही वाटणी कोणी केली?

बालभारतीने पुढच्या वेळी पुस्तकाला हात घातला की या धड्यातले तक्त्याचे पान काढून टाकावे. त्या जागी एक संवाद छापावा आणि त्याखाली चारच प्रश्न: कोण बोलले, कोणाला बोलले, कुठे आणि कधी, आणि आता ते कोण सांगतो आहे. धारणीच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाने आपल्या आश्रमशाळांपुरता तोच संवाद कोरकूत करून घ्यावा. पुस्तक बदलेपर्यंत शिक्षकांनी थांबण्याचे कारण नाही. फळा त्यांचाच आहे.